गाडी लागत नाही, भाडं वाढलंय : दलालावर चिडण्याआधी काय काय तपासायचं

संध्याकाळी साडेपाचला ट्रक लावून देणाऱ्या दलालाचा फोन येतो. "शेठ, आज गाडी नाही लागत. दोन हजार वाढवून द्या, बघतो." माल पॅक होऊन पडलाय, समोरच्या पार्टीला शब्द दिलाय, हमाल घरी जायच्या तयारीत. आपण दोन हजार देऊन मोकळे होतो. पुढच्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात तो वाढीव आकडाच ‘चालू भाव’ होऊन बसतो.

मी आधी पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या खळ्यावर आणि नंतर सिन्नरच्या एमआयडीसीत डिस्पॅचला, अशी सतरा वर्षं गाड्या लावण्यात घालवली. हल्ली ओळखीतले कारखानदार नि व्यापारी याच एका दुखण्यासाठी बोलावतात. सगळीकडे मला बहुतेक एकच गोष्ट दिसते. रस्त्यावर गाड्या कमी नसतात. आपल्या गेटवर यायला गाड्या तयार नसतात. खरीखुरी टंचाईही येते, तिचे दिवस ठरलेले असतात आणि ती ओळखता येते. म्हणून खालचा क्रम पाळा. सुरुवातीच्या तपासण्यांना चहाच्या पैशापलीकडे खर्च नाही.

लक्षणं

‘गाडी मिळत नाही’ या एका वाक्यात पाच-सहा वेगळे आजार असतात. आधी आपला कोणता ते बघा.

– नाक्यावर गाड्या उभ्या दिसतात, तरी तुम्हाला ‘नाही’ सांगतात. दुखणं तुमच्या गेटवर आहे.
– बाकी गावांना गाडी लागते, एकाच गावाला लागत नाही. दुखणं माल उतरतो तिथे आहे, किंवा परतीच्या मालात.
– गाडी ठरते, नंबर येतो, आणि मग ड्रायव्हरचा फोन बंद. तुम्ही माहिती अर्धवट दिली, किंवा त्याला वाटेत बरं भाडं मिळालं.
– दर वर्षी त्याच पंधरवड्यात त्रास होतो. हंगाम.
– डिझेल जागच्या जागी आहे, पण एकदा चढलेलं भाडं उतरायचं नाव घेत नाही. हिशेब कोणी मांडलेला नाही.
– गावातल्या सगळ्यांचीच बोंब आहे. संप, बंदी किंवा घाट बंद. इथे तुमचं काही चालत नाही. थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिली तपासणी : शेजाऱ्याला विचारा, नाक्यावर जा

खर्च दोन चहा. शेजारच्या दोन कारखान्यांत किंवा खळ्यांवर विचारा की आज त्यांना त्याच बाजूची गाडी लागली का आणि कितीला. मग स्वतः नाक्यावर जा. आमच्या बाजूला मी आडगावच्या ट्रक टर्मिनसवर जातो. उभ्या गाड्यांचे नंबर बघायचे, कुठल्या राज्यातल्या आहेत, किती दिवस थांबल्यात ते ड्रायव्हरना विचारायचं. राजस्थान-हरियाणाच्या गाड्या दोन-दोन दिवस उभ्या असतील आणि तुम्हाला दिल्लीची गाडी ‘लागत नाही’ असं कळत असेल, तर दलाल तरी खोटं बोलतोय, नाहीतर ड्रायव्हर तुमचं नाव ऐकून मान हलवतोय.

हे फोनवर होत नाही. एकदा एका ड्रायव्हरने मला तोंडावर सांगितलं, "सेठ, आपके यहाँ भरने में दो दिन जाता है, मैं खाली खड़ा रहूँ वो अच्छा." आमच्याच कंपनीबद्दल हे मला दलाल तीन वर्षांत बोलला नव्हता. तो कशाला बोलेल? गाडी अडली की त्याचं कमिशन वाढतं.

दुसरी तपासणी : कॅलेंडर

हेही फुकट. मागच्या दोन वर्षांच्या बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या पावत्या) काढा आणि कुठल्या तारखांना जास्त भाडं दिलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. नाशिककराचं कॅलेंडर साधारण असं निघतं.

फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं. निर्यातीचे रेफर (थंड) कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे आणि देशातल्या बाजाराच्या गाड्या उत्तरेकडे. त्यातच मार्चअखेर, प्रत्येक कंपनीला ३१ तारखेच्या आत बिलं फाडायची असतात. त्याच सुमारास होळी येते आणि उत्तर भारतातले ड्रायव्हर गावी जातात. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा आणि कोकणातला आंबा. ऑक्टोबरात सोयाबीन, मग विदर्भ-मराठवाड्यात कापूस. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाचा गळीत हंगाम, त्यात मिळेल ती जुनी गाडी कारखान्याकडे ओढली जाते. दिवाळीनंतर सहा दिवसांनी छठ. बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेशातला ड्रायव्हर दिवाळीला घरी गेला की छठ केल्याशिवाय परत येत नाही. आपण मात्र पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी "गाड्या कुठे गेल्या?" म्हणून विचारतो. गाड्या असतात हो, मालकाच्या दारात. चालवणारा नसतो.

जुलै-ऑगस्टचं चित्र उलटं. बांधकामं थंडावतात, सिमेंट-लोखंडाची ओढ कमी होते, नाक्यावर गाड्या साचतात. वर्षाचा करार करायचा तर बोलणी याच दिवसांत करा. मी मार्चमध्ये करार केलेले बघितलेत. करणाऱ्याने वर्षभर मार्चचं भाडं दिलं.

यात रस्त्यांच्या बंद्याही लिहा. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदीचं परिपत्रक दर वर्षी निघतं. उत्तरेकडच्या श्रावणात, म्हणजे आपल्या आषाढाच्या दुसऱ्या पंधरवड्यात, कावड यात्रेमुळे दिल्ली-मेरठ-हरिद्वार पट्ट्यात वाहतूक वळवतात. हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की जुन्या इंजिनांच्या ट्रकना शहरात प्रवेश मिळत नाही. कांदा-भाजीसारख्या जीवनावश्यक मालाला सूट असते, पण नटबोल्टच्या गाडीला नसते. निवडणुकीत प्रशासन गाड्या ताब्यात घेतं, तेव्हा मालक गाडी जिल्ह्याबाहेर ठेवणं पसंत करतात.

कांद्यात आणखी एक वेडेपणा असतो तो सरकारी आदेशांचा. २०२३ च्या ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली आणि लिलाव थांबले. बंदराच्या वाटेवरच्या गाड्यांचं काय करायचं हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला. २०२४ च्या ४ मेला बंदी उठली, तशी बंदराकडची ओढ पुन्हा सुरू. असा आदेश निघाला की त्या आठवड्यात भाड्यावरून कोणाशी भांडू नका. चार दिवसांत भाव आपोआप जागेवर बसतो.

तिसरी तपासणी : तुम्ही गाडी कधी आणि कशी मागता

दुपारी चारनंतर आजची गाडी मागणाऱ्याला उरलेली गाडी मिळते. सकाळी खाली झालेला ड्रायव्हर अकरापर्यंत पुढचं भाडं ठरवून मोकळा होतो. आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत मागणी द्या. एवढ्या एका बदलाने एका पॅकेजिंगवाल्याचा अर्धा त्रास गेला होता, आणि तो आजही समजतो की मी काहीतरी मोठी ओळख लावली.

मागताना सगळं सांगा : खरं वजन, माल कशात बांधलाय, किती नग, वरून ताडपत्री लागेल का बंद बॉडी, भरायची वेळ, उतरवायची नेमकी जागा, तिथे दिवसा नो-एंट्री आहे का, आणि पैसे कधी. ‘दिल्लीची गाडी पाहिजे’ हे अपुरं आहे. आझादपूर मंडीत पहाटे खाली होणारी गाडी वेगळी आणि एखाद्या गोदामावर वेळ घेऊन रांगेत उभी राहणारी गाडी वेगळी. अर्ध्या माहितीवर आलेला ड्रायव्हर गेटवर खरं ऐकतो आणि निघून जातो. मग आपण म्हणतो, गाडी पळाली.

चौथी तपासणी : गेटवरचं रजिस्टर

घोडं सगळ्यात जास्त वेळा इथेच पेंड खातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीमालकाचा धंदा किलोमीटरचा वाटतो, पण असतो दिवसांचा. हप्ता, विमा, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार हे गाडी उभी असतानाही चालू असतं. समजा हे सगळं महिन्याला नव्वद हजार आहे. म्हणजे दिवसाला तीन हजार. तुमच्या गेटवर एक दिवस आणि समोरच्या गोदामावर एक दिवस फुकट गेला, की सहा हजार त्याने भाड्यात आधीच धरलेले असतात. वर त्या दोन दिवसांत झाली असती ती कमाई बुडाली, ती वेगळीच. तुम्हाला वाटतं भाडं वाढलं. तुम्ही दोन दिवस विकत घेतलेत.

रजिस्टरला चार रकाने करा : गाडी गेटवर आली, रिकामा काटा (रिकाम्या गाडीचं वजन) झाला, भरून झाली, कागद ड्रायव्हरच्या हातात पडले. वेळ वॉचमनने लिहायची, डिस्पॅचवाल्याने नाही. डिस्पॅचवाला (म्हणजे मीच) स्वतःच्या सोयीची वेळ लिहितो. पंधरा दिवस काही बदलू नका, फक्त लिहा.

सिन्नरच्या एका कारखान्यात आम्ही हे केलं तेव्हा सगळ्यांची खात्री होती की फोर्कलिफ्ट कमी आहेत, नवी घ्यावी लागणार. रजिस्टर सांगत होतं की गाडी दोन-सव्वादोन तासांत भरून होते. त्यानंतर कागद हातात पडायला पाच-सहा तास. कारण अकाउंट्समधला माणूस दिवसभराची बिलं संध्याकाळी एकदम करायचा, तसं केलं की त्याला सोपं जायचं. सहानंतर बिल, मग ई-वे बिल (माल रस्त्यावर न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद), मग सही करणारे साहेब घरी गेलेले, की गाडी सकाळी. गाडी भरली की लगेच तिचं बिल, एवढाच नियम केला. फोर्कलिफ्ट घेतली नाही. दोन महिन्यांनी दलालाचा ‘दोन हजार वाढवा’चा फोन बंद झाला आणि काही ड्रायव्हर आपणहून विचारायला लागले की उद्या माल आहे का.

दुसऱ्या टोकाचं रजिस्टर तुमच्या हातात नसतं. पण ड्रायव्हर असतो. खाली होऊन आल्यावर त्याला विचारा की किती वाजता पोहोचला, किती वाजता मोकळा झाला. आमची एक मोठी खरेदीदार पार्टी होती; तिच्या गोदामावर गाडी ठरलेल्या वेळेला पोहोचली तरी दीड-दोन दिवस उभी राहायची. तिथलं भाडं बाकीच्यांपेक्षा कायम जास्त यायचं आणि आमचे मालक दलालाला शिव्या द्यायचे. शेवटी आम्ही ऑर्डरमध्येच लिहून घेतलं की २४ तासांनंतरचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी ठेवल्याचे पैसे, तुमच्याकडे. पार्टीने पैसे क्वचितच दिले. पण गाड्या मात्र वेळेत खाली व्हायला लागल्या.

आणि गेटजवळ पिण्याचं पाणी, एक संडास, सावली. याला किती खर्च येतो? ड्रायव्हर लोक एकमेकांना फोनवर काय सांगतात ते ऐका. भाड्याबद्दल नंतर बोलतात, आधी ‘तिथे उभं राहू देत नाहीत, पाणीसुद्धा नाही’ हे सांगतात.

पाचवी तपासणी : काटा

माल अठरा टन सांगायचा आणि गेटवर बावीस भरायला लावायचा, ही सवय असेल तर चांगला मालक तुमच्याकडे पुन्हा येणार नाही. २०१९ च्या सप्टेंबरपासून ओव्हरलोडला वीस हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च. आणि कायदा गाडी चालवणाऱ्याइतकाच ती तशी चालवायला लावणाऱ्यालाही धरतो. चार टन जादा म्हणजे २८ हजार झाले. ते वाचवायला वाटेत जी ‘एंट्री’, म्हणजे चिरीमिरी, द्यावी लागते तीही भाड्यातूनच वसूल होते.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरचं मंजूर वजन वाढवलं. दहाटायरी गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस झालं. त्यामुळे जुने लोक अजून जुन्या आकड्यांवर बोलतात, आणि काही जण ‘आता सगळं चालतं’ असं समजतात. दोन्ही चूक. आरसीवरचं एकूण वजन बघा, त्यातून रिकाम्या गाडीचं वजा करा, उरेल तेवढाच माल. (त्या वाढीने रातोरात देशातल्या प्रत्येक गाडीत जणू आणखी जागा तयार झाली, भाडी पडली आणि पुढे नव्या गाड्यांची विक्रीही कोसळली. गाड्यांच्या धंद्याला असे हेलकावे येतच असतात : भाडं बरं मिळालं की सगळे हप्त्यावर गाडी घेतात, गाड्या जास्त झाल्या की भाडं पडतं, हप्ते थकतात, गाड्या ओढून नेतात, आणि मग पुन्हा टंचाई.)

हलका पण फुगीर माल असेल, थर्माकोल, रिकाम्या बाटल्या वगैरे, तर टनाचा भाव लावूच नका. पूर्ण गाडीचा भाव ठरवा आणि लांबीची गाडी मागा.

सहावी तपासणी : पैसे आणि वाराई

ॲडव्हान्स किती, बाकी कधी, हे ठरलं त्याप्रमाणे देता का? बिल्टीची पोच आल्यावर बाकी द्यायची असते. एक-दोन गाड्यांचा मालक साठ दिवस थांबू शकत नाही. त्याला डिझेल रोख लागतं. मग मध्ये पैसे लावणारा एक ट्रान्सपोर्टर येतो आणि तो आपलं व्याज भाड्यात घालतो. म्हणजे उधारी तुम्ही फुकट घेतलेली नसते. एकदा रोखीचा नि साठ दिवसांचा असे दोन भाव मागून बघा. फरक बँकेच्या व्याजापेक्षा बराच जास्त निघेल.

दोन गोष्टी सीएला विचारून घ्या. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकाने पॅनसह लेखी दिलं तर त्याचा टीडीएस कापायचा नसतो. तरी अनेक अकाउंटंट सरसकट कापतात आणि छोटा मालक वैतागून जातो. दुसरं, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं बिल करार असूनही ४५ दिवसांपलीकडे थकवलं, तर तो खर्च आयकरात पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. करार नसेल तर मुदत पंधराच दिवसांची. ट्रान्सपोर्टरकडे उद्यम नोंदणी असते हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं.

वाराईचं, म्हणजे ड्रायव्हरकडून घेतल्या जाणाऱ्या हमालीचं, दुखणं आपल्याकडचं खास. माल तुमचा, भरून घ्यायची गरज तुमची, आणि हमालीचा एक वाटा ड्रायव्हरच्या खिशातून. ट्रकवाल्यांच्या संघटनांची ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा यातूनच आली. तुमच्या गेटवर ड्रायव्हरकडून नेमकं किती घेतलं जातं ते त्यालाच विचारा, हमालांच्या मुकादमाला नाही. ती रक्कम तुम्ही दिलीत आणि दलालाला तसं आधीच सांगितलंत, तर भाडं साधारण तेवढंच उतरतं. शिवाय गेटवरची भांडणं थांबतात, ते वेगळंच.

सातवी तपासणी : गाडी तिकडून काय घेऊन येणार?

एकाच गावाला गाडी लागत नसेल तर हे बघा. भाडं अंतराचं नसतं, फेरीचं असतं. गुवाहाटीला कांदा घेऊन जाणाऱ्याला परतीला चहा मिळाला तर ठीक, नाहीतर सिलिगुडीपर्यंत रिकामं यावं लागतं. म्हणून जाण्याचं भाडं जास्त आणि तिकडून येण्याचं कमी. केरळला जाणाऱ्याला पेरुंबावूरचं प्लायवूड मिळालं तर तो खुशीत असतो.

उपाय साधा आहे : त्या भागातून इकडे माल आणणारा कोण आहे ते शोधा आणि त्याच्या परतीच्या गाड्या पकडा. नाशिकच्या दलालाकडे गाडी मागण्याऐवजी जिथे माल जाणार तिथल्या ट्रान्सपोर्टरला फोन करा. त्याची गाडी इकडे येऊन पडलेली असते आणि घरी जायला टेकलेली असते. हरियाणाच्या गाडीला हरियाणाचं भाडं दाखवलं की ती घासाघीस फार करत नाही.

आठवी तपासणी : डिझेल वाढलं म्हणून किती?

इथे कागद-पेन घ्या. लांब पल्ल्यात डिझेलचा वाटा भाड्याच्या चाळीस ते पन्नास टक्के धरतात. समजा भाडं पन्नास हजार, वाटा ४५ टक्के, म्हणजे डिझेल साडेबावीस हजारांचं. ९० रुपयांचं डिझेल ९५ झालं, तर त्या हिशेबाने वाढ होते साडेबाराशे. पाच हजार नाही. डिझेल पाच रुपयांनी उतरलं तर साडेबाराशे कमीही व्हायला हवेत. कराराच्या कागदावर हे सूत्र, मूळ तारीख आणि कुठल्या शहराचा भाव धरायचा ते लिहा. १ आणि १६ तारखेला भाव बघायचा, मधल्या काळात कोणी बोलायचं नाही. इंधनाचे भाव २०१७ पासून रोज बदलू शकतात. रोज भांडत बसलो तर धंदा कधी करायचा?

बाकी खर्चांत टोल दर वर्षी साधारण १ एप्रिलला वाढतो (२०२४ मध्ये निवडणुकीमुळे जूनवर गेला होता). फास्टॅगमुळे नक्की आकडा मिळतो, तेव्हा ‘टोल खूप झाला’ म्हणणाऱ्याला त्या फेरीचा फास्टॅगचा उतारा मागा. बीएस-सिक्स गाड्यांना वेगळं युरियाचं द्रावण लागतं, टायर महागतात. तेही खरं आहे, पण ते खर्च सावकाश चढतात, आठवड्यात नाही.

दोन कोटेशनं ताडताना जीएसटी बघा. एक ट्रान्सपोर्टर पाच टक्केवाला असतो, तो कर तुम्ही रिव्हर्स चार्जने, म्हणजे त्याच्याऐवजी थेट सरकारला, भरता. दुसरा स्वतः लावतो. तो दर सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ झाला, पण त्याचं क्रेडिट, म्हणजे तुमच्या करातून वजावट, तुम्हाला मिळतं. कांद्यासारख्या शेतमालाच्या वाहतुकीला करच नाही. खालचा एकूण आकडा बघून स्वस्त-महाग ठरवणारे इथे फसतात.

नववी तपासणी : ई-वे बिल

मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. दिल्ली तेराशे धरली तर सात दिवस. गाडी वाटेत बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत घातला तर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये गाडीचा नवा नंबर टाकायलाच हवा. मुदत संपायच्या आधी किंवा नंतर आठ तासांतच ती वाढवता येते, नंतर पोर्टल ऐकत नाही. हे तुमच्याकडून एकदा जरी चुकलं असेल आणि ड्रायव्हर चौकीवर दोन दिवस अडकला असेल, तर ती बातमी नाक्यावर तुमच्या आधी पोचते.

इथवर सगळं करूनही जमत नसेल तर

आता खर्चाच्या आणि मेहनतीच्या गोष्टी. महिन्याला ठरावीक दिशेला पंधरा-वीस गाड्या जात असतील तर एका गाडीमालकाशी वर्षाचा करार करा. भाव बाजारापेक्षा किंचित जास्त असेल मंदीत, आणि बराच कमी असेल मार्चमध्ये. पण मंदीतही त्याला ठरलेल्या गाड्या द्यायच्या. जुलैमध्ये नाक्यावर स्वस्त मिळते म्हणून बाहेरची गाडी लावली, तर मार्चमध्ये त्याने फोन का उचलावा? करार बहुतेक वेळा ट्रान्सपोर्टर मोडत नाही, आपणच मोडतो.

अर्धी गाडी भरणारे दोन शेजारी एकत्र आले तर पूर्ण गाडी होते. हे बोलायला सोपं, करायला अवघड. पहिला माल कोणाचा उतरवायचा यावरून मैत्री तुटते. आधी लिहून ठेवा.

रेल्वेचं नाव सगळे घेतात. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली-दानापूर किसान रेल सुरू झाली होती, तिच्यात छोटा शेतकरीही काही क्विंटल टाकू शकत होता. त्या गाड्या पुढे बंद पडल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारच्या साठ्यातला १,६०० टन कांदा नाशिकहून दिल्लीला रेल्वेने गेला. त्या वेळी सरकारने दिलेला हिशेब असा होता : एक रेक (अख्खी मालगाडी) म्हणजे ५६ ट्रक, रेल्वेने ७०.२० लाख, रस्त्याने ८४ लाख. स्वस्त आहेच. पण एकगठ्ठा रेकभर माल, वॅगनमध्ये भरायचे हमाल आणि तिकडे उतरवून मंडीत न्यायच्या गाड्या हे सगळं ज्याच्याकडे आहे त्यालाच. दहा टनवाल्याने या वाटेला जाऊ नये.

स्वतःची गाडी घेऊ नका. हे माझं मत, पटलं तर घ्या. गाडी मिळते, ड्रायव्हर मिळत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

संप किंवा चक्काजाम असेल तर जास्त भाडं देऊन गाडी काढू नका. १ जानेवारी २०२४ ला हिट-अँड-रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हर थांबले, तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीचे टँकरही उभे राहिले आणि पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी रात्री सरकारशी बोलणी होऊन संप मिटला. त्या दोन दिवसांत तिप्पट भाड्याने निघालेल्या एका ओळखीच्या गाडीची काच फुटली आणि माल चौथ्या दिवशीच पोचला. समोरच्या पार्टीला लेखी कळवा, माल झाकून ठेवा, थांबा.

जीएसटीच्या पथकाने गाडी अडवली तर ड्रायव्हरला कशावरही सही करू देऊ नका आणि स्वतः फोनवर वाद घालू नका. दंड कराच्या दुप्पट असू शकतो आणि उत्तर द्यायच्या मुदती दिवसांत मोजल्या जातात. त्याच तासात कर सल्लागाराला कागद पाठवा.

माथाडी मंडळ, हमालांची टोळी, वाराई यावरून गेट बंद पडलं असेल तर कामगार कायद्याचा सल्लागार गाठा. १९६९ चा माथाडी कायदा वरवर वाचून सुपरवायझरने बोलणी केली की प्रकरण वर्षभर चालतं. मी एकदा केली होती.

बॉडीबाहेर जाणारी मशिनरी किंवा रसायन-ज्वालाग्राही माल असेल तर नेहमीच्या दलालाला सांगूच नका. परवानगी, मार्ग, प्रशिक्षित ड्रायव्हर हे ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनाच द्या, महाग पडलं तरी.

अपघात झाला, माल भिजला किंवा कमी भरला, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत माल हलवू नका, आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस द्या. माल बुक केल्यापासून १८० दिवसांत ती दिली नसेल तर दावाच लावता येत नाही. ‘मिटवून टाकू शेठ’ ऐकत सात महिने गेलेले लोक माझ्याकडे येतात. त्यांना मी वकिलाकडेही पाठवत नाही, फी वाया जाते.

आणि गाडीच गायब झाली तर, म्हणजे ड्रायव्हर नि दलाल दोघांचेही फोन बंद आणि ठरलेल्या दिवसावर एक दिवस उलटला, तर शोधाशोध करत फिरू नका. आरसी, लायसन्स, बिल्टी, ई-वे बिल आणि गेटवरचा फोटो घेऊन थेट पोलीस ठाण्यात जा. हे पाच कागद गाडी गेटबाहेर पडण्याआधीच काढून ठेवायचे असतात. नंबर वाहन पोर्टलवर टाकून गाडीचा मेक आणि मालकाचं नाव जुळतंय का हेही आधीच बघायचं, आणि ॲडव्हान्स अनोळखी दलालाच्या खात्यावर न टाकता गाडीमालकाच्या खात्यावर टाकायचा.